विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ का होतो, आणि त्याचे कारण लोकांना का सांगितले जात नाही?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो, अकरावीची प्रवेश नोंदणी असो की दहावीचा निकाल. गर्दी झाली की संकेतस्थळ कोसळते. ‘तांत्रिक अडचण’ एवढे दोन शब्द सांगून विषय संपवला जातो. गर्दीत डेटाबेस सर्व्हर नेमका कशाने पडतो, त्याचे कारण शोधणे अवघड का असते आणि सुरगाण्यासारख्या तालुक्याला त्याची किंमत जास्त का मोजावी लागते, याचा हा आढावा.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा का येतो?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांसाठी राज्य सरकारने १८ सप्टेंबर २०२५ रोजी ई-केवायसीची सोय सुरू केली आणि दोन महिन्यांची मुदत दिली. थोड्याच दिवसांत ओटीपी येत नाही, पान उघडत नाही, अर्ध्यात प्रक्रिया तुटते अशा तक्रारी सुरू झाल्या. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी तांत्रिक अडचणी मान्य केल्या. पुढे १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.

त्याच वर्षी मे महिन्यात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यासाठी लागू झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू होणार होती. संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बसले आणि नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर झाला, पण मंडळाची संकेतस्थळे कित्येक तास उघडली नाहीत. सुमारे १६ लाख मुले आणि त्यांचे पालक मोबाइलवर गोल फिरणारे चक्र पाहत बसले.

तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. गर्दी होणार हे आधीच माहीत होते. तारीख सरकारनेच ठरवली होती, लाभार्थी किंवा विद्यार्थ्यांचा आकडाही सरकारकडेच होता.

सर्व्हरमध्ये ‘पडते’ ते नेमके काय?

संकेतस्थळाचे ढोबळ दोन भाग असतात. आपल्याला मोबाइलवर दिसणारे पान हा पहिला. त्यामागची नोंदींची साठवण, म्हणजे डेटाबेस, हा दुसरा. तहसील कार्यालयाची उपमा घ्यायची तर पान म्हणजे खिडकी आणि डेटाबेस म्हणजे आतला अभिलेख कक्ष. खिडक्या वाढवणे सोपे असते. एकाच्या दहा करता येतात. पण दहाही खिडक्यांवरचे कारकून शेवटी त्याच कक्षात जाऊन त्याच दप्तरातला कागद मागतात. त्यामुळे गर्दीत बहुतेक वेळा आधी कोंडी होते ती आत, डेटाबेसमध्ये.

गर्दी खरेच इतकी असते का?

साधे गणित करून पाहू. लाडक्या बहिणींची संख्या तेव्हा दोन कोटींहून अधिक होती. दोन कोटी ई-केवायसी साठ दिवसांत समान वाटल्या, तर सेकंदाला चारसुद्धा होत नाहीत. एवढे काम साधा सर्व्हरही करील. पण माणसे अशी समान वाटून येत नाहीत. दिवसभराची कामे आटोपून रात्री येतात, मुदत संपत आली की येतात, ‘हप्ता बंद होणार’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की येतात. समजा, एकूण लाभार्थ्यांपैकी फक्त पाच टक्के, म्हणजे दहा लाख जणी एका तासात आल्या, तर सेकंदाला २७८ होतात. सरासरीच्या सत्तरपट.

त्यात एक ई-केवायसी म्हणजे एक काम नाही. लाभार्थी यादीत नाव आहे का, आधीच प्रक्रिया झाली आहे का, तिच्या आधारवर ओटीपी, त्याची पडताळणी, मग पती किंवा वडिलांचे आधार, त्यांचा ओटीपी, त्याची पडताळणी, शेवटी घोषणापत्र आणि नोंद. अशी दहा कामे धरली तर डेटाबेसवर सेकंदाला पावणेतीन हजार कामे येतात. यंत्रणा सरासरीवर बेतली की ती पडणारच. पाटबंधारे खाते धरणाचा सांडवा वर्षाच्या सरासरी पावसावर बांधत नाही, मोठ्या पुरावर बांधते. इथे हाच साधा नियम विसरला जातो.

मग गर्दी वाढली की सर्व्हर फक्त मंद का होत नाही, कोसळतो का?

कारण डेटाबेसशी एका वेळी किती जणांनी बोलायचे याला मर्यादा असते. त्या प्रत्येक संवादाला ‘कनेक्शन’ म्हणतात. माय-एसक्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये मूळ मर्यादा १५१ असते, पोस्टग्रेसमध्ये १००. ती वाढवता येते, पण प्रत्येक कनेक्शन मेमरी खाते.

आता वरचेच गणित पुढे नेऊ. सेकंदाला २७८ विनंत्या येत आहेत आणि एकीला ०.२ सेकंद लागतो, तर कोणत्याही क्षणी सुमारे ५६ कनेक्शन वापरात असतात. सगळे सुरळीत. पण आधार पडताळणीचे उत्तर यायला पाच सेकंद लागू लागले आणि तेवढा वेळ कनेक्शन अडवून ठेवले गेले, तर तीच संख्या १,३९० होते. गर्दी एकीनेही वाढलेली नाही, डेटाबेसचे काम वाढलेले नाही, तरी रांग पंचवीसपट लांबली. अशा वेळी सर्व्हरचा प्रोसेसर निवांत दिसतो आणि तरीही संकेतस्थळ बंद असते. अभियंता बुचकळ्यात पडतो तो इथे. यंत्र रिकामे आहे, मग अडले कुठे? अडलेले असते दुसऱ्याच यंत्रणेच्या दारात.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे इंडेक्स नसणे. पुस्तकाच्या शेवटी सूची असली की हवे ते पान लगेच सापडते, नसली तर पहिल्या पानापासून चाळावे लागते. दोन कोटी नोंदींच्या तक्त्याला योग्य इंडेक्स नसेल तर एका आधार क्रमांकासाठी सगळ्या नोंदी चाळल्या जातात. चाचणी करताना तक्त्यात हजारभर नोंदी असतात, तेव्हा हे लक्षातही येत नाही. उद्घाटनाच्या दिवशी येते. इथे मोठा सर्व्हर विकत घेणे हे उत्तर नव्हे; चुकीच्या रचनेला तो काही दिवस आधार देतो, एवढेच.

तिसरे कारण ‘लॉक’. एकाच नोंदीत दोघांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून डेटाबेस ती नोंद तात्पुरती बंद ठेवतो. अर्जांची एकूण संख्या मोजणारा एकच आकडा प्रत्येक अर्जागणिक बदलायचा असेल, तर सगळे अर्ज त्या एका आकड्यासाठी एकामागे एक थांबतात. रस्ता आठपदरी, पण टोलनाका एकच.

‘कारण सापडत नाही’ असे अनेकदा का म्हटले जाते?

काही वेळा ते खरेही असते. डेटाबेस आपला दिनक्रम ‘लॉग’ नावाच्या नोंदवहीत लिहीत असतो. पण त्याला अचानक मारले तर शेवटचे पान कोरे राहते. लिनक्स या कार्यप्रणालीत तशी व्यवस्थाच आहे. यंत्राची मेमरी संपत आली की संपूर्ण यंत्र वाचवण्यासाठी ती एखादा प्रोग्राम सक्तीने बंद करते, आणि निवड करताना बहुधा सर्वाधिक मेमरी खाणारा उचलते. डेटाबेसच्या सर्व्हरवर तो डेटाबेसच असतो. याची नोंद डेटाबेसच्या वहीत पुरती होत नाही, ती कार्यप्रणालीच्या वहीत होते. पोस्टग्रेसची एक शाखा अशी मारली गेली तर तो सुरक्षिततेसाठी सगळीच कनेक्शन तोडतो आणि नोंदी सावरून पुन्हा सुरू होतो. मोबाइलवरच्या माणसाला दिसते ते इतकेच की अर्धा भरलेला अर्ज गेला.

म्हणजे चुकीच्या वहीत शोधले की कारण ‘अज्ञात’ राहते. त्यात घाईने यंत्र बंद करून चालू केले तर त्या क्षणी मेमरी किती होती, कोणती कामे अडकली होती, कोण कोणाची वाट पाहत होते, हा पुरावा पुसला जातो. अपघात झाल्यावर पंचनाम्याआधीच गाड्या हलवाव्यात, तसे. मंत्रालयातून ‘ताबडतोब सुरू करा’ असा निरोप येत असताना पंचनाम्याला थांबायला कोणाला सवड नसते, हेही खरे.

पुन्हा सुरू केल्यावर लगेच पुन्हा का पडतो?

दोन कारणांनी. वारंवार लागणाऱ्या नोंदी डेटाबेस मेमरीत जवळ ठेवतो. बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ती जागा रिकामी असते. प्रत्येक गोष्ट डिस्कवरून आणावी लागते, म्हणून पहिली काही मिनिटे तो नेहमीपेक्षा मंद असतो. नेमक्या त्याच वेळी थांबलेले सगळे जण एकदम तुटून पडतात. शिवाय पान उघडले नाही की आपण पुन्हा पुन्हा दाबतो. एका व्यक्तीच्या पाच विनंत्या होतात. मोबाइल अ‍ॅपही अनेकदा आपोआप पुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे पडलेला सर्व्हर उठतो, मार खातो आणि परत बसतो.

शोध कसा घ्यायला हवा?

पद्धत डॉक्टरांसारखी आहे. आधी लक्षणे, मग तपासण्या, मग औषध. पहिले काम म्हणजे वेळ नक्की करणे, पडला किती वाजून किती मिनिटांनी. मग त्या क्षणाच्या आधीची दहा मिनिटे संकेतस्थळ, डेटाबेस आणि कार्यप्रणाली या तिन्ही नोंदवह्यांत ताडून पाहणे. मेमरी संपली होती का? डिस्क भरली होती का? लॉगनेच डिस्क भरून सर्व्हर बसण्याचे प्रकार काही कमी नाहीत. कनेक्शनची मर्यादा गाठली होती का? कोणती चौकशी सर्वाधिक वेळ घेत होती? बाहेरची यंत्रणा, म्हणजे आधार किंवा एसएमएस पाठवणारी सेवा, मंद होती का? आदल्या दिवशी कोणी काही बदलले होते का?

यातून जो संशय येईल तो तपासण्यासाठी तशीच कृत्रिम गर्दी चाचणीच्या सर्व्हरवर तयार करायची आणि तो पुन्हा पाडून दाखवायचा. ठरवून पाडता आला, तरच कारण सापडले असे म्हणता येते. दुरुस्तीही एका वेळी एकच करायची. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि सर्व्हर चालला, तर कशाने चालला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कारण जाहीर केल्याने बिघडते काय?

काहीच नाही, उलट विश्वास वाढतो. गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर ३१ जानेवारी २०१७ रोजी अचानक भार वाढला. तो सावरण्याच्या धडपडीत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली आणि बॅकअपच्या व्यवस्थाही ऐनवेळी उपयोगी पडल्या नाहीत. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने ही सगळी हकीकत तपशीलवार प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्याचे नाव न उछालता व्यवस्थेतल्या त्रुटी मांडल्या. ती हकीकत आजही जगभरचे अभियंते धडा म्हणून वाचतात.

मुंबईतलेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला सुरू झाले. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत वेळ वाढवून द्यावी लागली. बाजाराला माहिती साठवणाऱ्या यंत्रणेतील बिघाडापर्यंतचा खुलासा करावा लागला. महिनाभरात ‘सेबी’ने नियम कडक केले. मोठा बिघाड झाला तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज सुरू करायचे.

शेअर बाजाराला हा न्याय मिळतो. रेशनच्या रांगेला, प्रवेशाच्या अर्जाला, दीड हजारांच्या हप्त्याला का नाही? २०२१ च्या दहावीच्या निकालानंतर शिक्षणमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली, चौकशी जाहीर झाली. पण सर्व्हर कशाने पडला, याचा अहवाल मंडळाच्या संकेतस्थळावर पालकांच्या हाती पडेल अशा रीतीने मांडण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. त्यामुळे एका खात्याचा धडा दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक खाते आपापला सर्व्हर स्वतः पाडून शिकते.

सुरगाण्याला फटका अधिक का बसतो?

नाशिकपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरचा, गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना लागून असलेला हा डोंगराळ तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची ही वस्ती भात, नागली, वरई पिकवते आणि पावसाळा सरला की मोठ्या संख्येने दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाते. मूलभूत सोयी मिळत नाहीत म्हणून २०२२ च्या अखेरीस इथल्या काही सीमावर्ती गावांनी गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली, तेव्हा कुठे या भागाची राज्यभर चर्चा झाली.

शहरात सर्व्हर डाऊन झाला तर माणूस मोबाइल बाजूला ठेवतो आणि रात्री पुन्हा प्रयत्न करतो. पाड्यावर रेंजच नसते. बाई उंबरठाण, बोरगाव किंवा सुरगाण्याच्या केंद्रावर येते ती दिवसाची मजुरी बुडवून आणि जीपचे भाडे भरून. सर्व्हर बंद असला तर दोन्ही वाया. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा ओटीपी पतीच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि पती असतो पिंपळगावकडच्या बागेत. त्याला फोन लागेपर्यंत, त्याने आकडे वाचून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. रात्री बारानंतर गर्दी कमी असते तेव्हा करा, हा सल्ला तिच्या उपयोगाचा नाही. केंद्र संध्याकाळीच बंद होते.

अकरावीचे तसेच. स्थानिक आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलाला पूर्वी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कागदी अर्ज देता येत असे. आता त्याचा अर्जही मुंबई-पुण्याच्या मुलांच्याच रांगेत, त्याच सर्व्हरपुढे उभा आहे. रांग एक झाली, पण रांगेपर्यंत पोहोचण्याचा खर्च एक झाला नाही.

रेशनच्या बाबतीत प्रश्न पोटाचा आहे. अंगठा लावल्यावर ई-पॉस यंत्राला सर्व्हरकडून उत्तर आले नाही तर धान्य अडते. जोडणी किंवा पडताळणी फसली म्हणून कोणाला धान्य नाकारू नका, पर्यायी नोंद करून द्या, असे केंद्राने राज्यांना २०१७ मध्येच कळवले आहे. म्हणजे कागदावर पर्याय आहे. दुकानाच्या दारात तो किती वेळा वापरला जातो, हा खरा प्रश्न.

मुदतवाढ हे उत्तर आहे का?

नाही. मुदतवाढीने गर्दी पसरत नाही, फक्त पुढच्या शेवटच्या आठवड्यात सरकते. गर्दी पसरवायची असेल तर वेळा वाटून द्याव्या लागतात. रेल्वेने २०१५ पासून तत्काळ आरक्षणासाठी वातानुकूलित डब्यांना सकाळी दहा आणि इतरांना अकरा अशी वेळ वेगळी केली, ती याचसाठी. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून देणे, दुर्गम तालुक्यांसाठी राखीव वेळ ठेवणे, यांना नवा सर्व्हर लागत नाही. एक शासकीय परिपत्रक पुरते. निकालाच्या बाबतीत तर काम आणखी सोपे आहे. निकाल एकदा लागला की त्यात बदल होत नाही. मग प्रत्येकासाठी डेटाबेसला विचारण्याऐवजी तयार पाने अनेक ठिकाणी ठेवता येतात. अलीकडे निकाल डिजिलॉकरसह अनेक संकेतस्थळांवर एकाच वेळी दिला जातो, तो याच विचाराने. अडचण सोडवता येते, हे यातून सिद्धच झाले आहे.

काय व्हायला हवे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवेला मुदत असते आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माणसाने उशीर केला तर कायदा आहे. सर्व्हरने केला तर ‘तांत्रिक अडचण’ ही सबब पुरते. ही पळवाट बुजवायला हवी.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, सर्वांना सक्तीची असलेली कोणतीही ऑनलाइन प्रक्रिया सुरू करण्याआधी अपेक्षित सर्वोच्च गर्दीची चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल जाहीर करावा. दोन, यंत्रणा काही तास बंद राहिली तर ठरावीक दिवसांत कारण, दुरुस्ती आणि खबरदारी सांगणारा अहवाल सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावा. तीन, सर्व्हर जितका वेळ बंद होता तितकी मुदत आपोआप वाढावी; त्यासाठी मंत्र्यांच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये. चार, ग्रामपंचायत, अंगणवाडी किंवा रेशन दुकानात कागदावर नोंद घेऊन पोच देण्याची सोय कायम असावी. ती पोच हातात असलेल्या व्यक्तीचा लाभ थांबू नये.

वाचकांनाही एक गोष्ट करता येईल. सर्व्हर बंद दिसला तर तारीख आणि वेळेसह पडद्याचा फोटो काढून ठेवावा, केंद्रचालकाकडून ‘सेवा बंद होती’ असे लिहून घ्यावे आणि तक्रार त्याच्यासह नोंदवावी. मुदत हुकल्याचा ठपका आल्यावर तोच पुरावा कामी येतो.

सर्व्हर पडणे हा गुन्हा नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचेही पडतात. कारण न शोधणे आणि शोधले तरी न सांगणे, ही मात्र निवड असते. सुरगाण्याच्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्याही लॉगमध्ये नोंदली जात नाही. निदान तिचा दिवस कशाने बुडाला, एवढे तरी सरकारने तिला सांगायला हवे.